बोट ठेवलं तिथं सही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

स्त्रियांच्या हक्कांसाठी महाराष्ट्रानं जे कायदे केले, त्यांविषयी आज मला बोलायचं आहे. मी वकील नाही. बी. ए. झालेला, नोकरी सांभाळून कविता लिहिणारा माणूस आहे. पण अशा कायद्यांना प्रत्यक्षात काय होतं, ते मी माझ्याच घरात पाहिलं आहे. नुसतं पाहिलं नाही, त्यात माझाही हात होता. ते सांगितल्याशिवाय तुमच्यापुढं कायद्यांची नावं घ्यायला जीभ रेटणार नाही. म्हणून आधी घरातली गोष्ट सांगतो.

आमचं घर वसईचं. कौलारू, पुढं ओटा, मागं विहीर आणि विहिरीभोवती चार नारळ. अम्मा आधीच गेली होती. १९९९ साली अब्बाही गेले. मागं आम्ही तिघं भावंडं. सर्वांत मोठी आपा, मग भाई आणि शेवटी मी. आपा लग्न होऊन नालासोपाऱ्याला गेली, त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

२००४ साली एक बिल्डर घरी आला. जुनं घर पाडायचं, इमारत उभी करायची, आम्हाला चार सदनिका द्यायच्या, बाकीच्या त्यानं विकायच्या, असं ठरलं. जाता जाता त्याचा माणूस म्हणाला, "एक बहीण आहे ना तुम्हाला? तिचं हक्कसोडपत्र करून घ्या. म्हणजे कागद स्वच्छ होईल."

कागद स्वच्छ होईल! जणू बहिणीचं नाव म्हणजे कागदावर पडलेला डाग. तेव्हा हे वाक्य मला खटकलं नाही. मी मान डोलावली.

ठरलेल्या दिवशी आपा रिक्षा करून आली. येताना सांदणांचा डबा घेऊन आली होती. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गर्दी होती. आपा चष्मा घरी विसरली होती. मी तिच्या शेजारी उभा राहिलो आणि पानापानावर बोट ठेवत गेलो. "इथं. आता इथं. आणि शेवटच्या पानावर इथं." आपानं एकच प्रश्न विचारला, "सही मराठीतच करू ना?" ती मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. मला तिचा अभिमान वाटला. मी मराठीचा कवी, आणि माझी बहीण मराठीत सही करते! त्या कागदात आणखी काही पाहण्यासारखं आहे, असं माझ्या मनातही आलं नाही.

त्याच वर्षी ८ मार्चला एका कार्यक्रमात मी स्त्रीवर लिहिलेली कविता वाचली होती. टाळ्या चांगल्या पडल्या होत्या.

आता कायद्यांकडं वळतो.

या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा जुनी आणि मोठी आहे. बाळंतपणात कामगार स्त्रीला रजा आणि भत्ता मिळावा, म्हणून मुंबई प्रांतानं १९२९ साली कायदा केला. तो देशातला पहिला. त्याचं विधेयक १९२८ साली मुंबई विधिमंडळात आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूनं भाषण केलं होतं. गर्भलिंग तपासणीला आवर घालणारा कायदाही १९८८ साली आधी महाराष्ट्रानं केला. देशाचा कायदा त्यानंतर १९९४ साली आला. राज्य महिला आयोग १९९३ साली स्थापन झाला. २२ जून १९९४ रोजी राज्याचं पहिलं महिला धोरण जाहीर झालं. असं धोरण करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य.

याच २२ जूनपासून आणखी एक कायदा लागू झाला. माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा तो आहे. हिंदू वारसा कायद्यातली महाराष्ट्राची दुरुस्ती. १९५६ च्या मूळ कायद्यानं मुलीला बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत वाटा दिला होता. पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मानं हक्क होता तो फक्त मुलाला. आंध्र प्रदेशानं १९८५ मध्ये आणि तमिळनाडूनं १९८९ मध्ये हा भेद काढला. १९९४ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक त्यांच्या रांगेत आले. मुलगी मुलाप्रमाणंच जन्मानं वाटेकरी झाली.

मात्र त्यात एक अट होती. २२ जून १९९४ पूर्वी जिचं लग्न झालं, तिला हा हक्क नाही. एकाच घरातली थोरली मे महिन्यात बोहल्यावर चढली असेल आणि धाकटी डिसेंबरात, तर धाकटी वाटेकरी आणि थोरली पाहुणी! ही अट केंद्रानं ९ सप्टेंबर २००५ पासून लागू केलेल्या दुरुस्तीत राहिली नाही. पुढं ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात आणखी एक शंका मिटवली. २००५ मध्ये बाप हयात होता की नव्हता यावर मुलीचा हक्क अवलंबून नाही, कारण तो जन्मापासूनचा आहे, असं न्यायालयानं सांगितलं.

या सगळ्या वर्षांत आमच्या वसईत काय चाललं होतं? केळीच्या बागा, पानवेली, बावखलं आणि भातशेतीचा हा पट्टा १९८८ पासून बांधकामाला खुला होऊ लागला. १९९० मध्ये सिडको इथलं नियोजन पाहू लागली. 'हरित वसई'चं आंदोलन पेटलं ते याच काळात. म्हणजे पाहा, ज्या दशकात मुलीला जमिनीत वाटा मिळाला, त्याच दशकात त्या जमिनीला सोन्याचा भाव आला. एरवी ज्या तुकड्याकडं भावानंही ढुंकून पाहिलं नसतं, त्याच्यासाठी आता बहिणीची सही लागू लागली. कायद्यानं तिचं नाव कागदावर आणलं. मग ते कागदावरून उतरवण्यासाठी दुसरा कागद तयार झाला.

हक्कसोडपत्र ही तशी साधी गोष्ट. आपला वारसाहक्क एका वाटेकऱ्यानं दुसऱ्याच्या नावे सोडून द्यायचा. ते बेकायदा मुळीच नाही. नोंदणी झालेलं असलं, की ते पक्कं होतं. त्यात एक ठरीव वाक्य असतं. कोणताही मोबदला न घेता, नैसर्गिक प्रेमापोटी, स्वखुशीनं आणि कोणाच्याही दबावाशिवाय हा हक्क सोडला आहे, अशा अर्थाचं. मी शब्दांत वावरणारा माणूस आहे. म्हणून एक गोष्ट पुढं माझ्या लक्षात आली. हे 'स्वखुशीनं' बहिणीला विचारण्याआधीच टाइप झालेलं असतं.

आता कोणी म्हणेल, हा हिंदू घरांचा प्रश्न, तुम्ही का बोलता? म्हणूनच मी माझ्या घरापासून सुरुवात केली. वसईत हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान भिंतीला भिंत लावून राहतात. तिघांचे वारसाकायदे वेगळे. ख्रिस्ती मुलीला १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानं भावाइतकाच वाटा आहे. मुसलमान मुलीचा वाटा तर कुरआनातच, सूरह अन-निसामध्ये सांगितला आहे. तो भावाच्या निम्मा. निम्माच का, असं माझी मुलगी विचारते. तिचा प्रश्न रास्त आहे, आणि मी तिला गप्प करत नाही. पण निम्मा का होईना, तो चौदाशे वर्षांपासून लिहिलेला आहे. माझ्या बहिणीला त्यासाठी कुठल्याही सरकारच्या दुरुस्तीची वाट पाहायची नव्हती. आमच्या घराचे पाच वाटे होत होते. दोन भाईचे, दोन माझे, एक आपाचा. तो एकही आम्ही तिच्या हाती लागू दिला नाही. नमाज पढणाऱ्या, रोजे ठेवणाऱ्या आम्हा दोघा भावांना ते वचन ठाऊक नव्हतं असं नाही.

कायदे तीन, पण निबंधकांच्या दारातली रांग एकच. त्या रांगेत पाटील आहेत, डिसोझा आहेत आणि शेखही आहेत.

आणि आमच्या पालघर जिल्ह्यात या तिघांशिवाय मोठा आदिवासी समाज आहे. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना मुळातच लागू होत नाही. त्यामुळं १९९४ आणि २००५ च्या दुरुस्त्या वारली किंवा काथोडी मुलीच्या दारापर्यंत आपोआप पोचल्या नाहीत. आपण 'मुलींना हक्क मिळाला' असं मोघम म्हणतो, तेव्हा या मुलींना वगळूनच बोलत असतो.

"पण बहिणी स्वतःच नको म्हणतात," हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. मीही ते म्हटलं आहे. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. बहीण नको म्हणते, कारण तिच्या मनातल्या तराजूत एका बाजूला जमीन असते आणि दुसऱ्या बाजूला माहेर. वाटा घेतला तर ईदेला, भाऊबिजेला, नाताळला दार उघडेल का, ही भीती असते. उद्या नवऱ्यानं घराबाहेर काढलं तर जायचं कुठं, हीसुद्धा असते. भावाला असा हिशेब कधी करावा लागत नाही. त्याला जमीन मिळते आणि घरही. आणि लग्नात खर्च केला, तोच तिचा वाटा, असं म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं, की आपल्या लग्नाचा खर्च त्यांनी आपल्या वाट्यातून वजा केला होता का?

राज्यानं स्त्रीचं नाव कागदावर आणण्याचे आणखीही प्रयत्न केले. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम चालवली, शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला हिस्सा बायकोच्या नावे केला. त्यानंतर १९९२ मध्ये सरकारनं सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्यासाठी परिपत्रक काढलं. २००३ मध्ये 'घर दोघांचे' म्हणत गावातल्या घरांची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करण्याचं ठरलं. २०२१ पासून स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली. २०२४ मध्ये ठरलं, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव येईल, मग वडिलांचं. हे सगळं चांगलं झालं. यातली एकही गोष्ट क्षुल्लक नाही. नाव कागदावर असणं म्हणजे काय, हे ज्याचं नाव नसतं त्यालाच कळतं.

गावकारभारातही तसंच. १९९० मध्ये महाराष्ट्रानं स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखल्या. घटनादुरुस्तीनं १९९३ मध्ये देशभर एक तृतीयांश केल्या आणि २०११ मध्ये राज्यानं त्या निम्म्या केल्या. वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली ३ जुलै २००९ रोजी. चार नगरपालिका आणि भोवतालची गावं एकत्र करून. या निम्म्या जागांच्या नियमानं पाण्यासाठी कळशी घेऊन उभं राहणाऱ्या बायका पाण्याच्या ठरावावर हात वर करू लागल्या. काहींनी गाव हलवून सोडलं. पण काही ठिकाणी काय होतं, तेही आपण पाहतो. सरपंचबाई खुर्चीवर, शेजारी त्यांचे यजमान, आणि कागद आला की यजमान बोट ठेवतात, "इथं सही कर."

बोट तेच, श्रोतेहो. निबंधकांच्या कार्यालयात माझं होतं, इथं दुसऱ्या कोणाचं.

म्हणून मला महाराष्ट्राचा एक नियम फार शहाणा वाटतो. दारूच्या दुकानाविरुद्धच्या मतदानाचा. २००८ पासून तो अधिक सोपा झाला. भागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर मतदान घेता येतं. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून अधिक मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, की दुकान बंद. कितीतरी गावांतली दुकानं अशी बंद झाली. ज्या बाईला घरात नवऱ्यापुढं 'पिऊ नका' म्हणण्याची सोय नव्हती, तिनं शिक्का कसा मारला? कारण कापडी पडद्याआड ती एकटी होती. तिथं तिच्या शेजारी बोट ठेवणारा कोणी नव्हता. या नियमानं स्त्रीला हक्क दिला आणि तो वापरायला दोन मिनिटांचा एकांतही दिला.

हक्कसोडपत्राच्या वेळी असा एकांत का नसावा? नोंदणी अधिकाऱ्यानं बहिणीला भावांपासून वेगळं बसवून, तिच्या भाषेत सांगावं, की बाई, तुमचा वाटा इतका, त्याची आजच्या बाजारभावानं किंमत इतकी, आणि तुम्ही तो सोडता आहात. उद्या येऊन सही केली तरी चालेल. जमिनीचे सरकारी दर तर त्या कार्यालयात असतातच. राजस्थानात 'हक-त्याग' ही तर रूढीच होऊन बसली आहे. आपल्याकडं तिला रूढीचं नाव नाही, एवढाच फरक. कायदेमंडळानं पुढचं पाऊल टाकायचं असेल, तर ते इथं टाकावं, असं मला वाटतं.

आता माझ्या घरातली राहिलेली गोष्ट. २०१८ साली माझी मुलगी, ती तेव्हा कायद्याचा अभ्यास करत होती, सोसायटीचे कागद शोधत असताना तिला ते हक्कसोडपत्र सापडलं. तिनं ते शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "अब्बा, यात फुफींना काय मिळालं?"

मी म्हटलं, "तिनं काही मागितलंच नाही."

ती म्हणाली, "मी ते विचारलं नाही."

त्या रात्री मी तो कागद पहिल्यांदा नीट वाचला. त्यात आपाच्या नावापुढं 'अमुक यांची मुलगी' असं लिहिलं होतं. लग्नानंतर तिच्या सगळ्या कागदांवर नवऱ्याचं नाव होतं. अब्बांचं नाव तिच्या नावाशेजारी कितीतरी वर्षांनी पुन्हा आलं होतं, ते त्यांच्या घरातून तिचं नाव काढण्यासाठी. चौदा वर्षांत आपाचे दिवस पालटले होते. मेव्हण्यांचा कारखाना बंद पडला होता. ती भाड्याच्या खोलीत शिवणकाम करत होती. दर ईदेला मी तिला कपडे आणि थोडे पैसे नेऊन देत होतो आणि स्वतःला मोठा दिलदार समजत होतो. माझ्या दुसऱ्या सदनिकेचं भाडं त्याच महिन्यांत माझ्या खात्यात येत होतं.

मी आपाकडं गेलो. माफी मागितली. तिनं मशीन थांबवलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "तू त्या दिवशी विचारलं असतंस, तर मी दिलंच असतं रे. तू विचारलंच नाहीस. सही कुठं करायची, तेवढं दाखवलंस."

२०१९ मध्ये माझ्या वाट्याची लहान सदनिका मी बक्षीसपत्रानं तिच्या नावे केली. तेव्हा एक गंमत कळली. बहिणीनं भावाला हक्क सोडला, तेव्हा मुद्रांकाला शे-दोनशे रुपये पुरले होते. भावानं बहिणीला घर द्यायचं, तर बाजारभावाच्या शेकडा तीन रुपये मुद्रांक शुल्क! तिच्याकडून घेण्याचा रस्ता स्वस्त आणि तिला परत देण्याचा महाग. हे कोणी ठरवून केलं असेल असं नाही. पण कायदेमंडळात बसणाऱ्यांनी हे एकदा पाहावं.

भाईला ते पटलं नाही. आमचं बोलणं काही महिने बंद होतं. आता तो घरी येतो, पण हा विषय काढत नाही. मीही घाई करत नाही. मला चौदा वर्षं लागली होती.

मला एक मुलगा आणि एक मुलगी. आमच्या कायद्यात हयातीत बक्षीस देण्याची मुभा आहे. तिचा उपयोग करून दोघांना सारखं द्यायचं मी ठरवलं आहे, आणि ते दोघांना समोरासमोर बसवून सांगितलंही आहे.

श्रोतेहो, महाराष्ट्रानं कायदे पुष्कळ केले, चांगले केले, अजून करायला हवेत. पण आज हे भाषण ऐकणाऱ्यांत बरेच भाऊ असतील. काहींच्या कपाटात असा एखादा कागद असेल, काहींचा व्हायचा असेल. ज्यांचा व्हायचा आहे, त्यांनी बहिणीकडं जाण्याआधी तिच्या वाट्याची किंमत एका कागदावर लिहावी आणि तो कागद आधी तिच्या हातात द्यावा. तिला तिचा चष्मा लावू द्यावा. मग ती जे म्हणेल ते ऐकावं. आणि ज्यांचा कागद होऊन गेला आहे, त्यांनी तो आज रात्री एकदा वाचावा.

त्या दिवशी नालासोपाऱ्याला बक्षीसपत्राचा कागद मी आपाच्या हातात दिला. तिनं चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. तीन पानं वाचायला तिला अर्धा तास लागला. मी बाजूच्या खाटेवर बसून राहिलो. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "सही कुठं करायची?"

मी म्हटलं, "तुला दिसेल तिथं."